मी गाळलेले वाक्य

चार वर्षांपूर्वी आमच्या गावच्या अंगणवाडीत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी होती आणि संमतीचा कागद कन्नडमध्ये छापलेला होता. सिस्टर गदगकडून नुकतीच बदलून आली होती. तिला मराठी कळत होते, पण बोलता येत नव्हते. ओसरीवर पदर सावरून बसलेल्या चाळीसेक बायकांमध्ये कन्नड वाचता येणाऱ्या दोघी-तिघीच असतील. कर्नाटकातल्या निपाणी-चिकोडी पट्ट्यातल्या मराठी शाळेत मी एकतीस वर्षे शिकवले आणि नोकरीच्या गरजेने कन्नड लिहायला-वाचायला शिकले, त्यामुळे तो कागद मराठीत समजावून सांगण्याचे काम आपोआप माझ्याकडे आले. कागदावर आठ वाक्ये होती. मी सात सांगितली. जे सांगितले नाही ते असे होते: ही तपासणी ऐच्छिक आहे, तुम्ही नकार देऊ शकता, आणि नकार दिल्यामुळे इतर कोणत्याही सेवेत तुम्हाला अडचण येणार नाही.

ते वाक्य नजरचुकीने सुटले नव्हते. मी ते वाचले, क्षणभर थांबले आणि पुढच्या वाक्यावर गेले. हे सांगितले तर निम्म्या बायका उठून घरी जातील असे मला वाटले, आणि त्यांनी घरी जाऊ नये असे मला मनापासून वाटत होते.

तसे वाटण्याला कारण होते. माझी थोरली बहीण याच रोगाने गेली. पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून जायला लागले, तेव्हा "या वयात असं होतंच" असे म्हणत तिने दीड-दोन वर्षे घरातच काढली, आणि शेवटी मिरजेला नेले तेव्हा रोग मूत्राशयापर्यंत पोचला होता. तिला आयुष्यात कोणी तपासणीचा आग्रह केला नाही. भारतात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा कर्करोग होतो आणि पाऊण लाखाहून अधिक त्याने मरतात. आणि तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी ही तपासणी कधीतरी झालेल्या जेमतेम १.९ टक्के निघाल्या. शंभरात दोनसुद्धा नाहीत. म्हणून "आम्ही माहिती दिली, आता तुमचे तुम्ही ठरवा" असे म्हणून बाजूला होणाऱ्यांशी मी आजही सहमत नाही. ज्या बाईने स्वतःच्या दुखण्यासाठी एक दिवसाची मजुरी कधी बुडवली नाही, तिच्या हातात पत्रक देऊन तिला एकटे सोडणे म्हणजे तिच्या स्वातंत्र्याचा मान राखणे नव्हे. आग्रह करावाच लागतो. प्रश्न आहे तो आग्रह कशाच्या जोरावर करायचा हा, आणि त्याचे उत्तर मी त्या दिवशी चुकीचे दिले.

ती चूक मला कळली ती माझ्याच एका विद्यार्थिनीमुळे. दहावीपर्यंत ती माझ्या वर्गात होती. तेव्हा सदतिसाव्या वर्षात, दोन मुलींची आई, नवरा इचलकरंजीला यंत्रमागावर. तपासणीच्या आदल्या दिवशी मी तिच्या दारात गेले तेव्हा ती जोंधळे निवडत होती. "बाई, मला कायबी तरास न्हाई, मी कशाला येऊ?" असे तिने विचारले. प्रश्न सरळ होता आणि त्याला सरळ उत्तरही होते. मी ते न देता म्हणाले, "पिशवीत कॅन्सर वाढत असला तर तुला कळणार आहे का? उद्या तुझ्या पोरींकडं कोण बघणार?" तिने सूप खाली ठेवले आणि मुलींकडे पाहिले. दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. "तुमी म्हणालासा म्हणून आलो, बाई," असे म्हणाली. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल अशाच बोलतात, आलो, गेलो.

ही तपासणी म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगते. व्हिनेगरमध्ये असते तेच अ‍ॅसेटिक आम्ल, ३ ते ५ टक्क्यांचे, कापसाच्या बोळ्याने गर्भाशयाच्या मुखाला लावतात आणि मिनिटभर थांबून उजेडात पाहतात. जिथल्या पेशी बदललेल्या असतात तो भाग पांढरा दिसतो. तिला तसा पांढरा डाग दिसला. डाग दिसणे म्हणजे कर्करोग नव्हे. दाह झाला असेल, जंतुसंसर्ग असेल, तरीही डाग दिसू शकतो. कर्करोगाच्या आधीची अवस्था असलीच तर तिचा कर्करोग व्हायला बहुधा दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो, आणि तोपर्यंत तेवढाच भाग उष्णता किंवा अतिथंड वायू देऊन काही मिनिटांत नष्ट करता येतो. पिशवीला हात लावावा लागत नाही. हे सगळे मला त्या दिवशी माहीत होते. तिला मी त्यातले काहीच सांगितले नव्हते, कारण मी तिला आणण्यासाठी गेले होते, समजावण्यासाठी नव्हे.

सिस्टरने बेळगावच्या मोठ्या सरकारी दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहून दिली. बेळगाव आमच्यापासून पाऊणशे किलोमीटर. जायचे म्हणजे दोन माणसांचा दिवस, एस.टी.चे भाडे, तिथे केस पेपर कुठे काढायचा इथपासून शोधाशोध, आणि खिडकीवर कन्नडमध्ये बोलावे लागेल ही धास्ती. ती गेली नाही. पण घाबरलेले माणूस घरी स्वस्थ बसत नाही. सासूने ओळखीच्या एकाला विचारले, त्याने जवळच्या शहरातला एक खाजगी दवाखाना सुचवला, आणि तिथे त्यांना सांगण्यात आले की पिशवी खराब झाली आहे, ठेवली तर कॅन्सर होईल. आठ दिवसांत पिशवी काढली, आणि तिच्याबरोबर दोन्ही अंडाशयेही. त्यासाठी दुभती म्हैस विकली गेली. मी फाइल मागून पाहिली, तर तिच्यात तुकड्याच्या तपासणीचा, म्हणजे बायोप्सीचा, कागदच नव्हता. म्हणजे खरोखर काय होते याची खातरजमा कोणी केलीच नव्हती. सदतिसाव्या वर्षी तिची पाळी संपली. अंगातून वाफा निघतात, झोप लागत नाही, आणि हाडे ठिसूळ होण्याचा धोका आता आयुष्यभर तिच्यासोबत आहे.

मी तिला म्हणाले, अगं, मला विचारायचं तरी होतंस. ती म्हणाली, "तुमीच तर म्हणालासा की पिशवीत कॅन्सर वाढत असंल म्हणून. डॉक्टरबी तेच म्हणालं."

डॉक्टरबी तेच म्हणालं. या तीन शब्दांनंतर मी पुष्कळ रात्री जागून काढल्या आहेत. माझा हेतू वेगळा होता, त्या दवाखान्याचा हेतू वेगळा होता. पण बाईच्या कानावर पडलेले वाक्य एकच होते, आणि तिला ऐकू येते ते वाक्य, हेतू नव्हे.

आमच्या भागात हे वाक्य नवे नाही. दर हंगामाला बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या चिकोडी, अथणी, कागवाड भागात येतात, आणि त्या बायकांच्या पिशव्या काढण्याचे प्रकरण २०१९ मध्ये महाराष्ट्रात गाजले. सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली निघाली. त्यामागे पाळीत बुडणाऱ्या मजुरीचे आणि उचलीचे गणित होते, हे खरे. पण शस्त्रक्रियेला हो म्हणवून घेण्यासाठी वापरलेले हत्यार पुष्कळ ठिकाणी तेच होते, की पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाही राज्यांना सांगावे लागले की अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठीची मार्गदर्शक तत्त्वे अमलात आणा. ज्या मुलखात कर्करोगाच्या भीतीने इतक्या बायकांची पिशवी नेली, त्याच मुलखात तीच भीती दाखवून आपण बायकांना चांगल्या तपासणीला आणू म्हणतो, तेव्हा आपण पुढच्या लुबाडणाऱ्यासाठी वाट तयार करून ठेवत असतो. भीती ही अशी गोष्ट आहे की ती एकदा घरात शिरली की आपल्या सांगण्यावरून चालत नाही.

न्यायालयाचा आणखी एक निकाल आमच्यासारख्यांनी नीट वाचावा असा आहे. समीरा कोहली खटल्यात, २००८ साली, सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की निदानासाठी दिलेली संमती ही उपचाराची संमती ठरत नाही. त्या बाई दुर्बिणीने तपासून घेण्यासाठी टेबलावर गेल्या होत्या. त्या बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या आईची सही घेऊन त्यांचे गर्भाशय आणि अंडाशये काढण्यात आली होती. तपासणी आणि उपचार ही दोन वेगळी दारे आहेत आणि प्रत्येक दाराशी त्या बाईला पुन्हा विचारले पाहिजे, एवढा त्याचा साधा अर्थ आहे. माझ्या विद्यार्थिनीला कोणीच कुठल्या दाराशी थांबवून विचारले नाही, आणि पहिल्या दारातून तिला आत लोटणारी मी होते.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले. जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर या दोघांनी १९६८ साली चाळणी तपासणीचे, म्हणजे निरोगी दिसणाऱ्या लोकांत रोग शोधण्याच्या तपासणीचे, दहा निकष मांडले होते, आणि अजूनही जगभर चर्चा तिथूनच सुरू होते. त्यात रोग महत्त्वाचा असावा, तपासणी लोकांना मान्य होईल अशी असावी हे तर आहेच. पण रोग सापडल्यावर मान्य उपचार उपलब्ध असावा आणि निदानाच्या व उपचाराच्या सोयी हाताशी असाव्यात, हेही स्पष्ट आहे. हे वाचताना मला आमची अंगणवाडी आठवली. डाग शोधण्याची सोय आम्ही गल्लीत आणली होती आणि डागाचे पुढे काय करायचे याची सोय पाऊणशे किलोमीटरवर ठेवली होती. निरोगी माणसाच्या दारात आपण स्वतःहून जातो तेव्हा जबाबदारी वाढते. आजारी माणूस डॉक्टरकडे येतो तो मदत मागायला. ही बाई तर जोंधळे निवडत होती. तिने काही मागितले नव्हते. तिला उठवून आणल्यावर "पुढचे तुमचे तुम्ही बघा" असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला राहत नाही.

आकड्यांचे मला विशेष वाटते, कारण शाळेत मी गणित शिकवत असे. उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या आणि मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या पुढाकाराने १९९९ पासून एक मोठा अभ्यास झाला. ४९७ गावांतल्या ३० ते ५९ वयाच्या एक लाख एकतीस हजार बायका त्यात होत्या. २००९ साली त्याचे निष्कर्ष आले. या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी एकदाच केलेल्या गटात, साधारण चौतीस हजार बायकांत, आठ वर्षांत या कर्करोगाने ३४ जणी गेल्या. तपासणी न मिळालेल्या साधारण साडेएकतीस हजारांत ६४ जणी गेल्या. आता हेच मी ओसरीवर दोन प्रकारे सांगू शकते. "या तपासणीने मरण निम्म्यावर येते" असे म्हणू शकते, किंवा "हजार बायकांत आठ वर्षांत दोन जणी जायच्या, तिथे एक जाते" असे म्हणू शकते. दोन्ही खरे आहे. पहिले ऐकून बाई घाबरून उठते, दुसरे ऐकून ती विचार करते. पहिलेच सांगून थांबणे याला मी आता खोटेपणाच म्हणते, कारण सांगणाऱ्याला दुसरा आकडा माहीत असतो. आणि दुसरे सांगितल्याने तपासणीची किंमत कमी होत नाही. हजारात एक म्हणजे आमच्यासारख्या पाच-सहा गावांत मिळून दोन-तीन बायका, आणि त्यातली एक माझी बहीण असू शकली असती.

त्याच अभ्यासात व्हिनेगरच्या तपासणीत शंभरातल्या जवळपास चौदा जणींना डाग दिसला होता, आणि त्यातल्या बहुतेकींना कर्करोग नव्हता. हा एक आकडा जरी मी आदल्या दिवशी सांगितला असता, "डाग दिसला तरी घाबरायचं नाही, शंभरात चौदा जणींना दिसतो, पुढं एकदा बघून घ्यायचं," एवढे जरी म्हणाले असते, तरी कदाचित ती म्हैस आज त्यांच्या गोठ्यात असती. (त्या अभ्यासात एका गटाला तपासणीशिवाय ठेवणे योग्य होते का, यावर पुढे वैद्यकीय नीतीच्या अभ्यासकांनी कडक टीका केली आहे. आपण आज जे आकडे सहज सांगतो ते मराठवाड्यातल्या शेतमजूर बायकांच्या अंगावर मोजले गेले आहेत, हे मला विसरता येत नाही.)

इंग्लंडात स्तनांच्या कर्करोगाबाबत हाच वाद वीस-पंचवीस वर्षे चालला. तिथे बायकांना पत्र येई ते दिवस आणि वेळ ठरवूनच. म्हणजे जायचे नसेल तर नाही म्हणण्याचा खटाटोप बाईने करायचा. पत्राबरोबरच्या माहितीपत्रकात फायदाच तेवढा ठळक असे. टीका वाढल्यावर मायकेल मार्मट यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती बसली आणि २०१२ मध्ये तिने हिशेब मांडला: पन्नाशीच्या दहा हजार बायकांना वीस वर्षे बोलावत राहिले तर सुमारे ४३ मृत्यू टळतात, आणि सुमारे १२९ बायकांना असा कर्करोग सापडतो जो एरवी त्यांना आयुष्यात कधीच जाणवला नसता. म्हणजे एक जीव वाचतो तेव्हा तिघी विनाकारण शस्त्रक्रियेच्या आणि किरणोपचाराच्या फेऱ्यात सापडतात. समितीचे मत तपासणी चालू ठेवावी असेच होते, पण हे दोन्ही आकडे बाईला सांगून. त्यानंतर माहितीपत्रक बदलले गेले. सांगितल्यावर बायका येणारच नाहीत, ही माझी अंगणवाडीतली भीती साहेबाच्या देशातल्या तज्ज्ञांनाही होती, हे वाचून मला दिलासा मिळाला नाही. उलट वाटले की ही भीती सगळीकडे सारखीच आहे आणि सगळीकडे तिने बायकांना अंधारात ठेवले आहे.

शहरातल्या "फुल बॉडी चेकअप"च्या जाहिरातींबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण त्याला आग्रह म्हणणे मला मान्य नाही. तो व्यापार आहे. बेळगाव-कोल्हापूरच्या रस्त्यावर महिला दिनाला आणि दिवाळीला असे फलक लागतात, साठ-सत्तर चाचण्या एकदम, आईवडिलांना भेट द्या म्हणून. दक्षिण कोरियात अशाच हौसेने गळ्याची सोनोग्राफी सरसकट होऊ लागली आणि २०११ पर्यंत थायरॉइडच्या कर्करोगाचे निदान १९९३ च्या पंधरा पट झाले. मृत्यूंचे प्रमाण मात्र होते तिथेच राहिले. हजारो लोकांनी ग्रंथी काढून घेतल्या आणि जन्मभराच्या गोळ्या लावून घेतल्या. आईवरच्या मायेला हात घालून तिला अशा तपासणीला पाठवणे हे माझ्या अंगणवाडीतल्या चुकीपेक्षाही वाईट आहे, कारण तिथे वाचवण्यासारखे फार थोडे असते.

म्हणून सगळ्या तपासण्यांना एकच माप लावता येत नाही, असे माझे मत झाले आहे. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत आणि विड्यांच्या कामात ज्यांची हयात गेली, ज्या सकाळी उठल्यावर मशेरी लावल्याशिवाय चहा घेत नाहीत, त्या बायकांना तोंड तपासून घेण्याचा मी आजही हट्ट धरते. बॅटरीच्या उजेडात गालाची आतली बाजू, जिभेच्या कडा आणि जिभेखालचा भाग पाहायचा. दोन मिनिटांचे काम, कपडे काढायचे नाहीत, सुई नाही. तिरुअनंतपुरम जिल्ह्यातल्या अभ्यासात, २००५ साली, तंबाखू किंवा दारूचे सेवन करणाऱ्यांमध्ये अशा तपासणीने तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. व्यसन नसलेल्यांना धरून सगळ्यांचा हिशेब केला तर मात्र तेवढा फरक ठामपणे दिसला नव्हता. म्हणजे कोणाला आग्रह करायचा हेही त्यातच सांगितले आहे. मशेरी लावणाऱ्या मावशीच्या मी तीनदा दारात जाईन. तिच्या सुनेला, जी तंबाखूला शिवत नाही, एकदा सांगून गप्प बसेन.

आणि काही जोर असे आहेत जे कोणत्याही तपासणीसाठी वापरू नयेत. आमच्या शेजारच्या गावात बायकांच्या बचत संघात असे सांगितले गेले की तपासणीचा कागद दाखवल्याशिवाय पुढच्या कर्जावर सही होणार नाही. सांगणारी बाई वाईट नव्हती. तिला वरून आकडा दिलेला होता. आशा ताईंनाही फॉर्ममागे मोबदला असतो आणि महिन्याअखेर आढावा असतो. पण आकडा वरून आला की खाली माणूस दिसेनासा होतो, हे या देशाने एकदा पाहिले आहे. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. त्या काळात सरकारी जीप दिसली की पुरुष उसात जाऊन बसत, असे माझे वडील सांगत, आणि त्यानंतर कित्येक वर्षे आमच्याकडे लस टोचायला आलेल्या माणसालाही लोक दार उघडत नसत. कुटुंबनियोजनातली उद्दिष्टांची पद्धत १९९६ मध्ये अधिकृतपणे सोडून दिली गेली. तेच उद्दिष्ट दुसऱ्या नावाने परत आणून बचतीच्या आणि कर्जाच्या पैशाला बांधणे हा त्या बाईच्या गरिबीचा गैरफायदा आहे. सासूकरवी सांगणे, नवऱ्याकरवी सांगणे, हेही मी बंद केले आहे. घरात सून कोणाला नाही म्हणू शकते?

याउलट वाट सोपी करण्यात कसलाही दोष मला दिसत नाही, आणि खरे काम तिथेच पडून आहे. खानापूरच्या जंगलाकडच्या वाड्यांतून एस.टी. दिवसातून एकदा-दोनदा येते. तिथल्या बाईला तपासणीचे महत्त्व पटवण्याआधी तिला संध्याकाळी घरी परत पोचवण्याची व्यवस्था हवी. तपासणी ऊसतोडीच्या आणि भांगलणीच्या दिवसांत ठेवू नये. तपासणारी बाईच असावी आणि खिडकीला पडदा असावा. आमच्या अंगणवाडीत पहिल्या वर्षी पडदा नव्हता, जुने लुगडे दोरीवर टाकून आडोसा केला होता. एचपीव्हीचा नमुना बाई स्वतः घेऊ शकते, जागतिक आरोग्य संघटनेनेही तशी शिफारस केली आहे. ते आमच्याकडे आले तर लाजेमुळे न येणाऱ्या पुष्कळ जणींचा प्रश्न सुटेल. यातल्या कशानेही बाईच्या मनावर दाब येत नाही. तिचा होकार किंवा नकार तिचाच राहतो, फक्त होकाराची किंमत एक दिवसाच्या मजुरीएवढी राहत नाही.

आणि भाषा. सीमाभागात आम्ही पाट्यांवरून, फॉर्मवरून, परिपत्रकांवरून एवढे भांडलो आहोत की मराठी कागद मागितला की ते राजकारण वाटते. पण स्वतःच्या शरीरावर कोण काय करणार आहे हे स्वतःच्या भाषेत वाचता येणे ही गोष्ट राज्य कोणाचे या प्रश्नाच्या आधीची आहे. ती सिस्टर प्रामाणिक होती. तिच्या कागदावर ते वाक्य होते. ते बायकांपर्यंत पोचले नाही, कारण मध्ये दुभाषी होती आणि ती दुभाषी मराठीच होती. ज्याच्यावर आपला विश्वास असतो त्याच्याच हातून काय गाळले गेले ते आपल्याला कधी कळत नाही.

मी ते वाक्य माझ्या विद्यार्थिनीला शेवटी सांगितले. दोन वर्षे धीर झाला नव्हता. तिच्याच ओसरीवर बसून सांगितले, की कागदावर असे लिहिले होते आणि मी ते वाचले नाही. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सांगितलं असतंसा तरी मी आलो असतो, बाई. पर मग मी माझं मी आलो असतो." आणि चहा टाकायला आत गेली.

आता तपासणीच्या आधी मी एक कागद वाचते. तो मराठीत आहे, माझ्याच अक्षरात, आणि सिस्टरने कन्नड कागदाशी ताडून पाहिलेला आहे. त्यात डाग म्हणजे काय, शंभरात किती जणींना दिसतो, पुढे बेळगावला कोण सोबत येणार, भाडे कोण देणार, आणि पिशवी काढा असे कोणी म्हटले तर तुकड्याच्या तपासणीचा कागद पाहिल्याशिवाय सही करायची नाही, एवढे लिहिले आहे. नकाराचे वाक्य मी सगळ्यात आधी वाचते. गेल्या जानेवारीत एकतीस जणी आल्या होत्या. ते वाक्य ऐकून चौघी उठून गेल्या. सिस्टरने वहीतल्या आकड्याकडे पाहिले आणि माझ्याकडे पाहिले. त्या चौघींपैकी अजून कोणी आलेली नाही. त्यांची घरे माझ्या रोजच्या वाटेवर आहेत, आणि पुढच्या तपासणीची तारीख मी चौघींनाही सांगून ठेवली आहे.